चित्रपट-मालिकांच्या उत्पन्नाचा तक्ता आणि ‘निझाम’ क्षेत्र : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :
मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी झाला. अशा मुक्त ज्ञानकोशात एकाच स्वरूपाची माहिती अनेक पानांवर मांडण्यासाठी ‘साचा’ वापरतात. चित्रपट-मालिकांच्या उत्पन्नाच्या साच्यात रकाने वाढत गेले की नवख्या संपादकास तो भरणे जड जाते. म्हणून सुलभीकरणाची मागणी रास्तच आहे. परंतु कोणता रकाना गाळावा हा केवळ तंत्राचा नव्हे, तर इतिहासाचाही प्रश्न आहे, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

जालना व ‘निझाम’ क्षेत्र :
हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झाले. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्याचा भाग व परभणीतील परतूर तालुका मिळून १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. राजकीय नकाशा असा वारंवार बदलला. तथापि हिंदी चित्रपटांच्या वितरण व्यवसायाने जुन्या सीमा जपल्या. त्याच्या परंपरागत विभागणीत मराठवाडा तेलंगणासह ‘निझाम’ क्षेत्रात, विदर्भ ‘सी. पी. बेरार’मध्ये, तर मुंबई, पुणे व कोकण हे गुजरातसह ‘बॉम्बे’ क्षेत्रात मोडतात. म्हणजे जालन्यात विकलेले तिकीट हैदराबादच्या बेरजेत जमा होते. साचा सोपा करताना ‘बॉम्बे’ म्हणजेच महाराष्ट्र असे गृहीत धरल्यास जालन्याचा प्रेक्षक महाराष्ट्राच्या हिशेबातून वगळला जातो.

कराचा प्रश्न :
मराठी चित्रपटांच्या बाबतीत दुसरी अडचण उद्भवते. महाराष्ट्रात त्यांना करमणूक करातून सूट होती. त्यामुळे ढोबळ व निव्वळ उत्पन्नात कराचे अंतर पडत नसे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि १०० रुपयांवरील तिकिटास २८ टक्के दर आला. म्हणजे करपूर्व १५० रुपयांचे तिकीट १९२ रुपयांस पडू लागले. १ जानेवारी २०१९ पासून हा दर १८ टक्के झाला. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ मालिकेचे भाग २०१०, २०१५ व २०१८ मधील, तर ‘टाइमपास’चे २०१४, २०१५ व २०२२ मधील आहेत. दोन्ही मालिकांत पहिले दोन भाग जुन्या व तिसरा नव्या करव्यवस्थेतील असल्याने त्यांच्या ढोबळ आकड्यांची सरळ बेरीज दिशाभूल करणारी ठरते.

बेरजेची मर्यादा :
‘झपाटलेला’ (१९९३) आणि ‘झपाटलेला २’ (२०१३) यांत वीस वर्षांचे अंतर आहे. या काळात रुपयाचे मूल्य घटले व तिकिटाचे दर वाढले. अशा रकमांच्या बेरजेवरून लोकप्रियतेचा निष्कर्ष काढणे उचित नाही.

निष्कर्ष :
क्रमांक, परकीय चलनातील रूपांतर आणि हाताने भरावी लागणारी एकूण बेरीज हे रकाने गाळता येतील. बेरीज साचा स्वतः करू शकतो. मात्र वर्ष, क्षेत्र, कराचा समावेश आणि आकड्याचा आधार हे चार रकाने ठेवणे अगत्याचे आहे. कराची नोंद भिन्न असलेल्या भागांची बेरीज साच्याने दाखवूच नये. संपादकाचे श्रम वाचावेत, पण त्यासाठी जालन्यासारख्या जिल्ह्याच्या प्रेक्षकाची नोंद पुसली जाऊ नये, हाच सुलभीकरणाचा निकष असावा.