अतिकालिक वेतनाची कायदेशीर मर्यादा : अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याचे उदाहरण (१९११–१९९३)

शासकीय कर्मचाऱ्याच्या जादा कामावर किती खर्च करावा, हा प्रश्न सकृद्दर्शनी हिशेबाचा वाटतो. वस्तुतः तो प्रथम शब्दार्थाचा प्रश्न होय. ‘जादा काम’ कशास म्हणावे हे ठरल्याखेरीज त्यावरील खर्चास मर्यादा घालता येत नाही. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

१३ फेब्रुवारी १९११ च्या कायद्याने जहाजांना रात्री माल उतरविण्याची मुभा मिळाली. निरीक्षकांचा जादा मोबदला मात्र जहाजमालकाने वा त्याच्या प्रतिनिधीने भरावयाचा होता. १९२० च्या दुरुस्तीने त्याचे दर बांधून दिले. सायंकाळी पाचनंतर दर दोन तासांस, अथवा त्यांच्या किमान एका तासाच्या अंशास, अर्ध्या दिवसाचे वेतन. सकाळी आठपर्यंतच्या सबंध रात्रीस फार तर अडीच दिवसांचे. आणि रविवारी वा सुटीच्या दिवशी दोन दिवसांचे अधिक वेतन. मर्यादा होती, पण ती रात्रीपुरती होती, वर्षाची नव्हती.

या कायद्यात मोबदला श्रमाशी नव्हे, तर घड्याळाशी व पंचांगाशी बांधलेला होता. डेट्रॉइट येथील निरीक्षकांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९४४ साली हाच अर्थ दृढ केला. रविवारचे काम आठवड्याच्या नेमून दिलेल्या कामाचाच भाग असले, तरी त्या दिवसाचा अधिक मोबदला देय ठरला.

एप्रिल १९८६ मध्ये संमत झालेल्या कायद्याने प्रवासी व वाहने यांवर शुल्क बसविले आणि अतिकालिक खर्च त्या निधीतून भागविला जाऊ लागला. आता देयक जहाजमालकाकडे जात नव्हते. सार्वजनिक निधीचा हिशेब द्यावा लागत होता. काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९१ साली १९११ चा कायदा कालबाह्य झाल्याचा अभिप्राय दिला.

१९९३ च्या सुधारणेने प्रथम व्याख्या बदलली. दिवसाच्या आठ किंवा आठवड्याच्या चाळीस तासांहून अधिक असे, अधिकृतपणे नेमून दिलेले कामच अतिकालिक ठरले. त्यास दुप्पट दर मिळाला. त्याचबरोबर एका अधिकाऱ्यास एका वित्तीय वर्षात २५,००० डॉलरहून अधिक जादा वेतन मिळू नये, असे बंधन आले. आणीबाणीची निकड असल्यास, किंवा अवाजवी खर्च टाळण्यासाठी, आयुक्तास वैयक्तिक प्रकरणी सूट देण्याचा अधिकार ठेवला गेला. निवृत्तिवेतनासाठी अतिकालिक उत्पन्न या मर्यादेच्या निम्म्यापर्यंतच धरावयाचे ठरले. पुढे वार्षिक विनियोजन कायद्यांनी ही रक्कम वेळोवेळी वाढविली.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. ही मर्यादा खात्याच्या एकूण खर्चावर नसून व्यक्तीच्या प्राप्तीवर आहे. तेच तास दहा जणांऐवजी वीस जणांत वाटले, तर मर्यादा पाळली जाते, पण खर्च तेवढाच राहतो. तिने जादा कमाई थोड्या हातांत एकवटण्यास आळा घातला. एकूण खर्चास आवर घालण्याचे सामर्थ्य मात्र २५,००० च्या आकड्यापेक्षा ‘काम’ या शब्दाच्या नव्या व्याख्येतच अधिक होते.