निळ्या दाढीचा हमिंगबर्ड

हमिंगबर्डच्या ट्रोकिलिडी कुलातील अतिदुर्मिळ पक्षी. शास्त्रीय नाव ऑक्सिपोगॉन सायनोलेमस. ग्रीक भाषेत याचा अर्थ ‘टोकदार दाढीचा, निळ्या गळ्याचा’ असा होतो. उत्तर कोलंबियातील सिएरा नेवादा दे सांता मार्ता या एकाच पर्वतावर तो आढळतो. हा पर्वत अँडीजपासून सुटा, कॅरिबियन समुद्रालगत उभा आहे. त्याची सर्वोच्च शिखरे ५,७०० मीटरांच्या आसपास पोहोचतात. वृक्षरेषेच्या वर, हिमरेषेच्या खाली जो थंड, ओलसर माळ पसरतो, त्याला तिथे ‘पारामो’ म्हणतात. या पक्ष्याचे घर तेवढेच.

नराच्या डोक्यावर काळा-पांढरा उभा तुरा आणि गळ्याखाली जांभळट निळी दाढी असते. मादीला दोन्ही नसतात. चोच हमिंगबर्डच्या मानाने फारच आखूड. ऑक्सिपोगॉन प्रजातीतले पक्षी हवेत तरंगत राहण्याऐवजी बऱ्याचदा फुलावरच बसून मध पितात. विरळ हवेत शक्ती वाचवण्याचा हा मार्ग असावा. सूर्यफुलाच्या कुळातील, स्थानिक लोक ‘फ्रायलेहोन’ म्हणतात अशा झाडांशी त्याची विशेष जवळीक आहे. त्यांतील लिबॅनोथॅम्नस ऑकल्टस हे महत्त्वाचे.

पक्षीतज्ज्ञ साल्विन आणि गॉडमन यांनी १८८० मध्ये या पक्ष्याचे वर्णन केले. पुढे तो दुसऱ्या जातीची उपजात मानला गेला, आणि स्वतंत्र जातीचा दर्जा त्याला २०१३ मध्ये परत मिळाला. तोवर त्याला कोणी पाहिल्याला सहा दशकांहून अधिक काळ लोटला होता. शेवटची नोंद १९४६ ची. म्हणजे जात म्हणून ओळख मिळाली तीच नामशेष झाल्याच्या शंकेसह. मार्च २०१५ मध्ये प्रोआवेस या कोलंबियन संस्थेचे कार्लोस हूलिओ रोहास आणि क्रिस्तियान वास्केस पारामोतील वणव्यांची नोंद घेत असताना तो त्यांना दिसला. जो माळ जळताना नोंदवायला ते गेले होते, त्यावरच हा पक्षी तग धरून होता.

गुरांना कोवळा चारा मिळावा म्हणून माळ पेटवला जातो. गवत लवकर फुटते, पण सावकाश वाढणारी फ्रायलेहोनची झाडे तितक्या लवकर सावरत नाहीत. त्यातच हवामान तापू लागल्यावर डोंगरावरच्या जीवांना वर वर सरकावे लागते, आणि शिखरापाशी जागाच संपते. अतिसंकटग्रस्त जातींत त्याची गणना झाली ती याच कारणांनी.

भारतात हमिंगबर्ड नाहीत. आपल्याकडे बागेत फुलांवर दिसणारे शिंजीर वेगळ्या कुलातले पक्षी आहेत.