उत्तर-मध्ययुगीन इंग्लंडमधील पॅरिश चर्चची वास्तू आणि साधनसामग्री : लाँग मेलफर्ड – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मध्ययुगीन इंग्लंडच्या इतिहासलेखनात राजे, बिशप आणि मठ यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे गावोगावच्या पॅरिश चर्चला दीर्घकाळ मिळाले नाही. वस्तुतः बाप्तिस्मा, विवाह, दफन आणि वार्षिक सण यांचे केंद्र हीच वास्तू होती. सफोक परगण्यातील लाँग मेलफर्ड येथील होली ट्रिनिटी चर्चच्या आधारे तिचे स्वरूप व तिच्यातील साधनसामग्रीचे भवितव्य यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

वास्तुरचना :
पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकरी कापडाच्या व्यापारामुळे हा प्रदेश समृद्ध झाला होता. जॉन क्लॉप्टन आणि स्थानिक कापड व्यापारी यांच्या देणग्यांतून चर्चची जवळजवळ पूर्ण पुनर्बांधणी झाली. पूर्वेकडील मरिया चॅपलचे काम १४९६ चे आहे. उंच, रुंद खिडक्या आणि उभ्या रेषांवर भर देणारी ही 'पर्पेंडिक्युलर' शैली होय. या भागात चांगला बांधकामाचा दगड दुर्मिळ असल्याने गारगोटीचे तुकडे कापून घडीव दगडाच्या चौकटीत बसविण्यात आले. याच तंत्राने बाह्य भिंतींवर दात्यांची नावे कोरली असून त्यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करण्याची विनंती त्यांत आहे. म्हणजेच बांधकाम हे केवळ वैभवाचे प्रदर्शन नव्हते. मृतांसाठी जिवंतांनी करावयाच्या प्रार्थनेची ती तरतूद होती.

अंतर्गत मांडणी :
लोकांसाठी नेव्ह आणि धर्मगुरूंसाठी चॅन्सल अशी चर्चची विभागणी असे. दोहोंमध्ये कोरीव लाकडी पडदा, त्यावर सज्जा आणि सज्जावर क्रूसावरील येशू, शेजारी मरिया व योहान यांच्या मूर्ती असत. मेलफर्डची ही मांडणी रॉजर मार्टिन या तेथील कॅथलिक गृहस्थाने वृद्धापकाळी लिहून ठेवलेल्या आठवणींतून कळते. मुख्य वेदीमागे एकाच मोठ्या वृक्षाच्या लाकडात कोरलेली, सोनेरी मुलामा दिलेली येशूच्या दुःखसहनाची कथा होती. क्रूसाच्या सज्जाजवळ ऑर्गन होता, तर सज्जाच्या दर्शनी भागावर बारा प्रेषितांची चित्रे होती. पवित्र सप्ताहात गुरुवारच्या सुमारास क्लॉप्टन चॅपलजवळ मेणबत्त्यांसाठी छिद्रे असलेली रंगीत लाकडी चौकट उभारून 'ईस्टरची समाधी' सिद्ध केली जाई. तेथेच जॉन क्लॉप्टनची कबर आहे. आपले थडगे ख्रिस्ताच्या प्रतीकात्मक समाधीशी जोडण्यामागे पुनरुत्थानाची आशा स्पष्ट दिसते.

धर्मसुधारणा आणि विध्वंस :
१५४७ नंतर सहाव्या एडवर्डच्या राजवटीत मूर्ती हटविण्याचे आदेश निघाले, मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या चॅन्ट्री रद्द झाल्या आणि १५५० मध्ये दगडी वेदींच्या जागी लाकडी मेज ठेवण्याची आज्ञा झाली. मेरीच्या काळात (१५५३–१५५८) जुनी उपासना परतली. तथापि १५५९ पासून एलिझाबेथच्या राजवटीत ती पुन्हा बंद झाली. मार्टिनच्या कुटुंबाकडे येशूच्या चॅपलमधील वेदीमागचे कोरीव काम जीर्णावस्थेत शिल्लक होते. आपले वारस कधीतरी त्याची दुरुस्ती करून ते परत बसवतील, अशी आशा त्याने व्यक्त केली. ती सफल झाली नाही. पुढे मरिया चॅपल शाळेसाठी वापरले गेले. तेथील भिंतीवरील पाढ्यांचा तक्ता याची साक्ष देतो. मध्ययुगीन रंगीत काचांचा मोठा भाग मात्र टिकून राहिला.

मूल्यमापन :
ए. जी. डिकन्स यांनी १९६४ मध्ये धर्मसुधारणेला जनतेतून लाभलेल्या पाठिंब्यावर भर दिला, तर एमन डफी यांनी १९९२ मध्ये जुना धर्म अखेरपर्यंत चैतन्यशील होता, असे प्रतिपादन केले. मेलफर्डचा पुरावा डफींच्या मताला बळ देतो. तथापि मार्टिन हा निष्ठावंत कॅथलिक होता आणि त्याच्या लेखनात हरवलेल्या बालपणाची ओढ आहे; तसेच कापड व्यापारामुळे संपन्न झालेले हे गाव सर्व इंग्लंडचे प्रतिनिधी ठरत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

निष्कर्ष :
पॅरिश चर्चमधील वस्तू गावाच्या देणगीतून आल्या होत्या. त्या हटविण्याचा निर्णय मात्र राजसत्तेचा होता. त्यामुळे रिकाम्या कोनाड्यांचा अभ्यास हा केवळ कलेतिहासाचा विषय राहत नाही. सामूहिक स्मृतीवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. भिंतींवरील प्रार्थनेची विनंती आजही वाचता येते. परंतु ज्या उपासनेसाठी ती कोरली गेली, ती त्या भिंतींआड सोळाव्या शतकातच थांबली.