जुन्या जीपचे इंडिकेटर: ‘नंतरची भर’ वाचायची कशी?

पीएच.डी.ला नाव नोंदवलं की पहिल्या वर्षात एक चूक बहुतेकांच्या हातून होते. ‘मूळ’ काय ते शोधायचं आणि नंतर जोडलेलं बाजूला सारायचं. माझ्याही हातून झाली. निमित्त एका जीपचं.

नंदुरबारमध्ये एका गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली विलीज जीप उभी होती. मालकाला ती रस्त्यावर आणायची होती आणि मिस्तरी तिचे इंडिकेटर नव्याने जोडत होते. मी वहीत लिहीत गेलो: स्टिअरिंग डावीकडे, वायरिंग सहा व्होल्टचं, नंबरप्लेट एमएच-३९. शेवटी लिहिलं, ‘इंडिकेटर नंतर बसवलेले. महत्त्व नाही.’ गाईडनी ती ओळ वाचून दोनच प्रश्न विचारले: “नंतर म्हणजे कधी? आणि का?”

उत्तर शोधताना आधी हाताकडे वळावं लागलं. गाडी वळणार हे सांगायचं साधन आपल्याकडे बराच काळ चालकाचा उजवा हात हेच होतं. उजवीकडे वळायचं तर हात बाहेर आडवा, तळवा पुढे. डावीकडे वळायचं तर तोच हात घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. थांबायचं तर कोपरापासून वर उभा. ही पद्धत चालते, कारण आपली गाडी डावीकडून धावते आणि चालक उजवीकडे बसतो. आता तोच चालक डावीकडे बसवून पाहा. त्याचा उजवा हात गाडीच्या आतच राहतो, शेजाऱ्याच्या तोंडापुढे. मागच्याला काय दिसणार?

इथे मी १९३९ चा मोटार वाहन कायदा उघडला, आणि दुसरी चूक करता करता वाचलो. कायद्यात इशारा देणाऱ्या उपकरणाचा उल्लेख दिसताच मी लिहिणार होतो, ‘१९३९ पासून गाड्यांना इंडिकेटर सक्तीचे झाले.’ पण वाक्य नीट वाचलं तर सर्वसाधारण गाडीसाठी सक्ती नाही, मुभा आहे: वळण्याचा किंवा थांबण्याचा इशारा हाताऐवजी यांत्रिक किंवा विजेच्या उपकरणाने देता येईल. सक्ती आहे ती डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला. चालू स्थितीतलं असं उपकरण नसेल तर ती गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवायचीच नाही. पुढे १९८८ च्या कायद्यातही हा फरक राहिला. म्हणून सांगतो, कायदा वाचताना क्रियापदाखाली रेघ मारा. ‘येईल’ आणि ‘पाहिजे’ यांच्यात अख्खं प्रकरण फिरतं.

‘यांत्रिक किंवा विजेचं’ हे मोघम शब्दही बोलके आहेत. त्या काळी उपकरणाचं रूपच ठरलेलं नव्हतं. ब्रिटिश गाड्यांमध्ये दाराजवळच्या खांबातून एक छोटा उजळणारा दांडा बाहेर पडायचा. त्याला ट्रॅफिकेटर म्हणत, आणि तो चक्क माणसाच्या हाताची नक्कल होता. मॉरिस मायनरला तो १९६१ पर्यंत होता. अमेरिकेत मात्र ब्यूकने १९३९ च्या मॉडेलला मागे लुकलुकणारे दिवे दिले. आपल्याकडच्या १९८९ च्या केंद्रीय नियमांत येईपर्यंत रूप पक्कं झालेलं दिसतं: पिवळसर केशरी दिवा, मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणारा.

आता पुन्हा जीपकडे या. ती १९४१ ते १९४५ या काळात लष्करासाठी बनली. युद्धानंतर अशा पुष्कळ गाड्या ‘डिस्पोजल’मध्ये विकल्या गेल्या. साध्या माणसाच्या हाती आलेली, डाव्या स्टिअरिंगची ही जीप सडकेवर आणायची तर इशाऱ्याचं उपकरण लागणारच होतं. म्हणजे मी ज्याला ‘महत्त्व नाही’ म्हटलं, ती भर म्हणजे लष्करी गाडी मुलकी झाल्याची खूण असू शकते.

असू शकते, असंच म्हणायला हवं. कायद्यात आहे म्हणून गाडीत होतंच असं नाही. पुरावा गाडीतच बघावा लागतो. मिस्तरींनी दाखवलं की सध्याच्या दिव्यांच्या तारा प्लॅस्टिकच्या आहेत, पण डॅशबोर्डमागे कापडी वेष्टणाच्या तारेचा एक तुकडा तसाच लोंबतोय आणि काचेच्या चौकटीला दोन्ही बाजूंना बुजवलेली भोकं आहेत. म्हणजे भर एकदा नाही, निदान दोनदा पडली.

तांत्रिक बाजूही त्यांच्याकडूनच शिकलो. सहा व्होल्टवर २१ वॅटचे दोन बल्ब लावले की सात अँपिअर करंट जातो, बारा व्होल्टवर साडेतीनच. म्हणून जुन्या गाडीला तार जाड लागते. जुना फ्लॅशर करंटने तापून चालू-बंद होतो. त्याला एलईडी लावले तर करंट इतका कमी की तो तापतच नाही आणि दिवा लुकलुकत नाही. तारेची जाडी, बल्बचा व्होल्ट, फ्लॅशरची जात, हे सगळे कालनिर्णयाचे पुरावे आहेत.

नंबरप्लेटचंही तेच. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, म्हणजे एमएच-३९ ही गाडीवरची अगदी अलीकडची पाटी. त्याआधीचा माग काढायचा तर धुळ्याकडे वळायचं, आणि स्वातंत्र्याच्या आसपासच्या कागदांत ‘नंदुरबार जिल्हा’ न शोधता ‘पश्चिम खानदेश’ शोधायचं.

मालकाची चिंता वेगळी होती: इंडिकेटर लावले तर गाडी ‘व्हिंटेज’ राहील का? २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज ठरते, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत केलेला बदल तिथे अडचणीचा. म्हणून मिस्तरींनी पत्र्याला नवं भोक पाडलं नाही. दिवे क्लॅम्पवर बसवले, उद्या काढले तरी खूण राहणार नाही. मला मात्र गंमत वाटली. पुढच्या संशोधकाला आमची ही भर सापडणारच नाही!

निघताना त्यांना विनंती केली, कापडी तारेचा तो तुकडा टाकू नका. आणि वहीतली ओळ बदलली: ‘इंडिकेटर नंतरचे, निदान दोन वेळा बसवलेले. प्रकरण इथून सुरू.’