एक तार की अनेक? कृत्रिम कानाच्या एका वादाची गोष्ट

सनीव्हेलहून एल कमिनोने वायव्येला गेलं की थोड्याच वेळात स्टॅनफर्ड येतं. तिथे १९६४ साली डॉ. ब्लेअर सिमन्स यांनी एका कर्णबधिर स्वयंसेवकाच्या श्रवण-मज्जातंतूत सहा इलेक्ट्रोड बसवले. कोणत्या इलेक्ट्रोडमधून वीज सोडली त्याप्रमाणे त्याला स्वर वेगळा भासे. बोलणं मात्र कळत नसे.

कानाला वीज लावण्याचा प्रयोग त्याआधी, १९५७ मध्ये, पॅरिसला जूर्नो आणि एरियेस यांनी केला होता. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला डॉ. विल्यम हाउस यांनी रुग्णांवर अशा शस्त्रक्रिया सुरू केल्या. पुढे त्यांनी एकाच तारेचं साधं यंत्र पसंत केलं. त्यावरून शास्त्रज्ञांत वाद पेटला. एका तारेतून भाषा कशी ऐकू येणार?

आपल्या कानातला कॉक्लिया गोगलगाईच्या शंखासारखा असतो. त्याच्या तोंडाशी उंच स्वर, आत टोकाशी खालचे स्वर, अशी पेटीच्या पट्ट्यांसारखी रचना असते. एकच तार म्हणजे पट्ट्या नसलेली पेटी. भात्याचा जोर तेवढा कळतो, सूर कळत नाही. १९७७ मध्ये बिल्गर यांच्या पथकाने एका तारेच्या १३ रुग्णांची तपासणी केली. केवळ यंत्राच्या भरवशावर कोणालाच बोलणं समजत नव्हतं. पण ओठ वाचणं सोपं झालं होतं आणि स्वतःच्या आवाजावर ताबा आला होता.

त्याचं कारण मराठीतच पाहा. ‘पार’ आणि ‘बार’ म्हणताना ओठ सारखेच दिसतात. फरक असतो तो कंठाचा कंप केव्हा सुरू होतो याचा, आणि वेळेतला हा फरक एक तारही पोचवू शकते. पण ‘टाळ’ आणि ‘काळ’? इथे जीभ तोंडाच्या आत कुठे टेकते ते महत्त्वाचं. ते ओठांवर दिसत नाही आणि एका तारेतूनही नीट कळत नाही. त्यासाठी पट्ट्याच हव्यात.

त्या पट्ट्यांसाठी सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल मर्झेनिक आणि सहकारी, व्हिएन्नात हॉखमायर दांपत्य, मेलबर्नला ग्रॅम क्लार्क असे अनेकजण खपले. अमेरिकेत प्रौढांसाठी १९८४ मध्ये एका तारेच्या यंत्राला मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी २२ इलेक्ट्रोडच्या. मग १९९१ मध्ये ब्लेक विल्सन यांनी दाखवलं की सगळे इलेक्ट्रोड एकदम न चालवता एकामागून एक क्षणिक ठोके दिले, तर शब्द कितीतरी स्पष्ट कळतात. अनेकांना ओठ न पाहता वाक्यं कळू लागली. भारतात ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने अग्रभागी; त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

मग जितक्या तारा जास्त तितकं चांगलं का? तसंही नाही. १९९५ मध्ये शॅनन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शांत खोलीत, चांगल्या कानाच्या माणसाला, आवाजाचे केवळ चार पट्टे दिले तरी वाक्यं समजतात. आजच्या यंत्रांत १२, १६ किंवा २२ इलेक्ट्रोड असतात; पण कानातल्या द्रवात वीज पसरते, त्यामुळे एकमेकांत न मिसळता उपयोगी पडतात ते साधारण आठच. गोंगाट आणि गाणं अजूनही अवघडच. एकच यंत्र बसवलेल्या दोघांत जो फरक दिसतो, तो बहुधा दोन कंपन्यांच्या यंत्रांतल्या फरकाहून मोठा असतो. बहिरेपणात किती वर्षं गेली आणि नंतर सराव किती झाला, यावर बरंच अवलंबून असतं.

हे दिवाळी अंकात कशासाठी? कारण फराळाच्या टेबलाशी नुसती मान हलवणारे आजोबा आपल्या बहुतेक घरांत आहेत. ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून आपण वर्षं घालवतो, आणि नेमकी तीच वर्षं महाग पडतात. श्रवणयंत्र लावूनही शब्द कळत नसतील तर तपासणी करून घ्या. चाचणीत ६० टक्क्यांपर्यंतच वाक्यं कळत असतील तरी २०२२ पासून मेडिकेअर कृत्रिम कानाचा विचार करतं. पूर्वी ही मर्यादा ४० होती. चाचणीची वाक्यं इथे सहसा इंग्रजी असतात. आजोबांची उभी हयात मराठी ऐकण्यात गेली असेल, तर हे तपासणाऱ्याला आधीच सांगा.

आणि नातवंडांनो, यंत्र बसलं की पहिले काही आठवडे आवाज विचित्र, पत्र्यासारखा वाटतो. मेंदूला तो पुन्हा ओळखायला शिकावं लागतं. त्यासाठी रोज वीस मिनिटं आजोबांसमोर बसून मराठीत काहीतरी वाचा. तुमचं ‘ळ’ चुकलं तर ते दुरुस्त करतील. त्यांनी दुरुस्त केलं, म्हणजे त्यांना ऐकू आलं.