मेकॅनिकला पगार किती? रांजणगावात वेगळा, गावच्या गॅरेजात वेगळा

शिरूर/दौंड : पाना-पक्कड तीच, पण कमाई जागेप्रमाणे बदलते.

राज्यात किमान वेतन परिमंडळाप्रमाणे ठरतं. महापालिका हद्दीत दर जास्त, खेड्यात कमी. कामगार राहतो कुठे ते नाही, कामाची जागा कुठे ते धरतात. त्यातही कुशल, अर्धकुशल, अकुशल असे तीन गट आहेत. मूळ वेतनावर विशेष भत्ता मिळतो, तो जानेवारी आणि जुलैत बदलतो.

गोम गटात आहे. आयटीआय झालेला पोरगा ठेकेदारामार्फत एमआयडीसीत जातो, काम फिटरचं करतो आणि कागदावर ‘हेल्पर’ लागतो. हेल्पर म्हणजे अकुशल. म्हणून पहिल्याच महिन्यात पगाराच्या स्लिपवर कोणता गट लिहिलाय ते बघावं. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, तोही मोजून घ्यावा.

गावच्या गॅरेजात पीएफ सहसा नाहीच. तो 20 कामगारांपासून लागू होतो.

केडगाव, वरवंड, पाटस पट्ट्यात सगळं उसावर. गाळप सुरू झालं की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. स्पेअर पार्ट रोखीनं आणावे लागतात, मजुरी मात्र उसाचं बिल आल्यावर. पावसाळ्यात हेच गॅरेज ओस. यवत, कुरकुंभ, शिक्रापूर इथे हायवेमुळे ट्रकचं काम बारमाही. रात्री गाडीपाशी जाऊन काम केलं तर फिरतीचे पैसे वेगळे.

वेतन कमी दिलं तर पुण्यातल्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते. सोबत स्लिप आणि हजेरीचा फोटो जोडावा.