पारावरची हजेरी

परवा नांदेडला बाबांसोबत त्यांच्या विरंगुळा केंद्रात गेलो होतो. चार बाकं, कॅरम, दोन-तीन पेपर. आणि एकदम आमच्या गावचा पार आठवला.

आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, किल्लारीजवळचं. महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, फेसकॉम, १९८० सालचा. पण आमच्याकडे तेव्हा संघाची गरजच नव्हती. पंचाईत, पाऊसपाणी, सोयरिकी, सगळं पारावर. एखादा म्हातारा दोन दिवस दिसला नाही तर कोणीतरी घरी डोकावायचंच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात ते गाव गेलं. पुढे पन्नासेक गावं नव्या जागी वसली. रस्ते रुंद, घरं लांब लांब. आजोबांना घर मिळालं, पार नाही मिळाला. रोज सकाळी पटका बांधून तयार व्हायचे आणि ओट्यावरच बसायचे. आम्ही म्हणायचो, टीव्ही बघा की!

केंद्रात हजेरीची वही आहे. दोन दिवस सही नसली की फोन जातो, असं बाबा सांगत होते.

आजोबांची अशी चौकशी आम्ही घरात राहूनही कधी केली नाही. असो.